आठवीतल्या मुलीसाठी कोडिंग-इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक कुठलं घेऊ? (सोलापूर)

जॉबर_सोलापूर
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, सेमीला. शाळेतल्या अटल लॅबमध्ये आर्डुइनो (कोड लिहून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बघून आली आणि तेव्हापासून घरातली एक वस्तू धड राहिली नाही, खेळण्यातल्या मोटरी, जुना रिमोट, सगळं उघडून बसते. क्लासची फी विचारली तर गप घरी आलो, म्हटलं आधी पुस्तक आणून बघू. नवी पेठेत फिरलो, स्कॉलरशिप आणि सीईटीच्या गाईडांशिवाय काय दिसलं नाही. ऑनलाइन बघावं तर ढीगभर, आणि प्रत्येकावर "८ ते १४ वर्षे". इंग्रजी वाचते पण सावकाश. मी यंत्रमागावर जॉबर आहे, वायरिंग कळतं, कोडिंग शून्य. भावाचा जुना लॅपटॉप आहे. पुस्तक आणि सामान मिळून दीडेक हजारात बसवायचंय. कुठलं घेऊ?

लॅबातला_माणूस
दादा, कव्हरवरचं वय सोडून द्या, ते विकणाऱ्याच्या सोयीसाठी असतं. ऑनलाइन आतली पानं बघायला मिळतात ती उघडा. पायथनचं (कोडिंगची एक भाषा) असेल तर कोडमधल्या प्रिंट या शब्दाच्या पुढं कंस आहे का बघा, नसेल तर ते पायथन २ चं पुस्तक, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. पोरगी पुस्तकातलं जसंच्या तसं टाइप करणार, एरर येणार, आणि तिला वाटणार आपल्यालाच जमत नाही. स्क्रॅचचं (स्क्रीनवर ब्लॉक जोडून कोडिंग करायचं) असेल तर २०१९ नंतरचं बघा, त्या वर्षी जानेवारीत स्क्रॅच ३ आलं आणि पेन, म्युझिकचे ब्लॉक उचलून एक्स्टेन्शनमध्ये टाकले, जुन्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणं शोधत बसलं की सापडतच नाहीत.

दुसरं म्हणजे सामानाची यादी. हे लोक फार बघत नाहीत आणि खरी गंमत तिथंच आहे. बाहेरच्या पुस्तकांत तापमानासाठी बऱ्याचदा टीएमपी३६ सेन्सर असतो, आपल्याकडं दुकानात एलएम३५ सहज मिळतो. दोन्ही दर डिग्रीला १० मिलिव्होल्टच देतात, दिसतात पण सारखे, पण टीएमपी३६ शून्य डिग्रीला ५०० मिलिव्होल्टवर असतो म्हणून पुस्तकातल्या कोडमध्ये आधी ०.५ वजा केलेलं असतं. तोच कोड एलएम३५ ला लावला की मे महिन्यात ४२ डिग्रीत सोलापूर उणे ८ दाखवणार 😄 ते ०.५ खोडलं की बरोबर येतं. पुस्तक हे सांगत नाही, म्हणून आधी यादी काढून दुकानात विचारा, निम्मं सामान मिळत नसेल तर ते पुस्तक कितीही भारी असो, घेऊ नका.

पार्कचौक_००७
पुस्तक कशाला आता, यूट्यूबवर सगळं फुकट आहे की

विज्ञानवाली_ताई
यूट्यूबवर आहे सगळं, मान्य, पण एका हातात वायर, दुसऱ्या हातात करंट रोखणारा रेझिस्टर आणि व्हिडिओ पुढं पळतोय, मग मागं घ्या परत बघा, त्यात खालून दुसराच व्हिडिओ सुरू. पुस्तक शेजारी उघडं पडून राहतं. मी शाळेत शिकवते म्हणून सांगते, मुलं आकृतीवर बोट ठेवून वायर लावतात तेव्हा कळतं त्यांना.

जॉबर दादा, मराठीतून सुरुवात करायची असेल तर अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी पुस्तकं मोफत आहेत. कोडिंग नाही त्यात, पण सेल, चुंबक आणि इनॅमलच्या तांब्याच्या तारेची मोटर करून बघितली की करंट म्हणजे काय हे हाताला कळतं, आणि सामान घरातलंच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठी आवाजातले धडेही आहेत, ते मात्र व्हिडिओच, पार्कचौक खूश. पायथनसाठी अल स्वाइगार्ट यांची पुस्तकं त्यांच्या साइटवर पूर्ण वाचता येतात, पैसे नाहीत. इंग्रजी आहेत पण वाक्यं लहान, आणि छोटे छोटे गेम लिहायचे असल्यानं मुलं अडखळत का होईना वाचतात. नुसत्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी मला चार्ल्स प्लाट यांचं मेक: इलेक्ट्रॉनिक्स आवडतं, पहिलाच प्रयोग नऊ व्होल्टच्या बॅटरीला जीभ लावायचा 🙈 पण महाग आणि जाडजूड आहे, तुमच्या बजेटमध्ये नाही बसणार, कुणाकडून वाचायला मिळालं तर बघा.

अक्कलकोट_रोड
ओ जॉबर दादा, जाकार्डवर, म्हणजे भोकांच्या कार्डांनी डिझाईन विणणाऱ्या मागावर, काम केलंय ना कधी? मग कोडिंग शून्य कसं म्हणता 😀 कार्डाला भोक असलं की सुई आत जाते, हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा (उभा) धागा वर उचलतो, भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच. भोक म्हणजे १, भोक नाही म्हणजे ०. एका बाण्याला (आडव्या धाग्याला) एक कार्ड, आणि सगळी कार्डं ओवून माळ केली की डिझाईन परत पहिल्यापासून सुरू, पोरं ज्याला लूप म्हणतात तो हाच. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघालेली गोष्ट आहे ही, पंचकार्डवाले कॉम्प्युटर फार पुढं आले. आपल्या चादरीवरची फुलं अशीच पडत होती, आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जाकार्ड आलंय ते सोडा. एक जुनं कार्ड घरी न्या आणि पोरीला म्हणा हे एलईडीवर वाचून दाखव. आठ एलईडी एका रांगेत, कार्डावरची आठ-आठ भोकं १ आणि ० करून कोडमध्ये लिहायची, एकेक ओळ पेटवत जायची.

जॉबर_सोलापूर
ओ हे लै भारी! जुनी कार्डं पडलीत कारखान्यात, मालकाला विचारतो. एलईडी डायरेक्ट लावले तर चालतील का बोर्डाला? आणि ओरिजिनल बोर्ड परवडत नाही, कॉपीचा घेतला तर?

लॅबातला_माणूस
डायरेक्ट नको. प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर, लाल असेल तर ३३० ओहम, म्हणजे ५ व्होल्टवर साधारण ९ मिलिअँपिअर जातात, आठही एकदम पेटले तरी बोर्डाला काही होत नाही. पिन २ ते ९ वापरा, ० आणि १ सोडा, कोड अपलोड होतो तो त्यांच्यावरूनच. कॉपीचा बोर्ड घ्या बिनधास्त, फक्त त्यात बऱ्याचदा सीएच३४० चिप असते, जुन्या विंडोजला त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो, नाहीतर पोर्ट दिसत नाही आणि लोक बोर्ड खराब म्हणून परत करतात. बोर्ड येईपर्यंत टिंकरकॅडवर (स्क्रीनवरच सर्किट जोडायची वेबसाइट) मोफत करून बघू दे, तिथं एलईडी जळला तरी पैसे जात नाहीत.

आर्डुइनोचं पुस्तक घेतलंच तर रिलेनं (बोर्डानं चालू-बंद होणारा स्विच) घरातला बल्ब लावायचा धडा असतो बऱ्याच पुस्तकांत, तेवढा तुम्ही समोर असल्याशिवाय नको, तो २३० व्होल्ट आहे. वायरिंग तुम्हाला येतंच.

विज्ञानवाली_ताई
कार्डाचं झालं की फोटो टाका इथं. माझ्या वर्गात पण करून बघायचंय, जास्तीची कार्डं असली तर सांगा, मी येऊन घेऊन जाते.