'कव्हर अल्बम'ला मराठीत काय म्हणावं?

गवती_चहा : रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ब्लू अँड लोनसम' अल्बमवर (२०१६) लिहितोय. बाराही गाणी दुसऱ्यांची, ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्यांचं संगीत) गाणाऱ्यांची : लिटल वॉल्टर, हाउलिन वुल्फ, जिमी रीड वगैरे. संपादकबाईंनी 'कव्हर अल्बम'चं 'पुनर्गायन-संग्रह' केलंय. दुसरं काही सुचतंय?

दक्षिणमुखी : 'पुनर्गायन' चूकच. वाद्यं कुठे गेली? त्या अल्बमचा अर्धा जीव स्टोन्सचा गायक जॅगर याच्या हार्मोनिकात आहे. 'कव्हर'च ठेवा.

ठेका_धरा : संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर 'चाल : अमुक' छापायचे. 'जुन्या चालींचा अल्बम'?

गवती_चहा : तिथे चाल जुनी, शब्द नवे. इथे दोन्ही जुनं.

पोफळी : नामाचा हट्ट कशाला? 'स्टोन्सनी लिटल वॉल्टरची गाणी वाजवली' म्हणा की सरळ.

शुद्धमती : कव्हर म्हणजे झाकणं! १९५५मध्ये फॅट्स डॉमिनोचं गाणं पॅट बूनने गायलं. काळ्यांचं मूळ गाणं गोऱ्यांच्या रेकॉर्डखाली झाकलं जायचं, त्यावरून हा शब्द आला. स्टोन्सना तो लावू नये.

दक्षिणमुखी : गोष्ट छान, पुरावा? चालत्या गाण्याची आपलीही रेकॉर्ड काढून कंपन्या बाजार 'कव्हर' करायच्या, असंही सांगतात.

ठेका_धरा : टी-सिरीजच्या कॅसेटच्या काळात आम्ही दुकानात विचारायचो, "ओरिजिनल आहे की व्हर्जन?" घ्या, रुळलेला शब्द.

गवती_चहा : त्याला स्वस्ताईचा वास येतो हो. ब्लूजवाल्या मडी वॉटर्सच्या गाण्यावरून नाव घेतलेला बँड, १९६४चा पहिला अल्बमसुद्धा बराचसा असाच. पन्नास वर्षांनी लंडनमध्ये तीन दिवसांत हा उरकला; शेजारच्या स्टुडिओतला गिटारवादक क्लॅप्टन दोन गाण्यांत वाजवून गेला. ही गुरुदक्षिणा आहे, व्हर्जन कसलं?

पोफळी : घराण्याची बंदिश गाणाऱ्याला आपण कव्हर म्हणतो का?

शुद्धमती : नाही, कारण गाणारा दर वेळी नवं भरतो.

पोफळी : मग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स मागे बसून काय करत होता?

दक्षिणमुखी : ते राहू दे. लेखात 'हार्मोनिका' नको, 'माउथ ऑर्गन' लिहा. सगळ्यांना कळतं.

ठेका_धरा : ब्लूजवाले 'हार्प' म्हणतात.

शुद्धमती : मग 'मुखवीणा' करा!

दक्षिणमुखी : ते नाव गेलंय. दक्षिणेत सनईसारखं एक वाद्य आहे, त्याला म्हणतात.

शुद्धमती : सनईला वीणा? हे कोणी ठरवलं?