मदत हवी आहे : टंबलरमध्ये महिनाभर फिरवूनही गारगोट्या चमकत नाहीयेत

नमस्कार मंडळी, विभाग चुकला असेल तर धागा हलवा प्लीज.

गेल्या दिवाळीत लेकाला सिन्नरचं गारगोटी म्युझियम दाखवायला नेलं आणि तेव्हापासून घरात दगडांचं वेड शिरलंय. मामाच्या शेतात नांगरट झाली की गारगोट्या नुसत्या वर येतात, इतकी वर्षं आम्ही त्या उचलून बांधावर फेकत होतो, आता पिशव्या भरभरून नाशकात घेऊन येतोय (मामा म्हणतो, अजून ने, ट्रॉली पाठवू का). दुधी, तांबूस, एकदोन हिरव्या शेवाळ्यासारख्या नक्षीच्या. दिराने अमेरिकेहून येताना दीड किलोचा रोटरी टंबलर (गोल फिरणारा डबा, त्यात दगड घोळवून गुळगुळीत करतात) आणला, ११० व्होल्टचा आहे म्हणून ट्रान्सफॉर्मर लावून बाल्कनीत चालवते. खालच्या काकू विचारून गेल्या, पिठाची गिरणी टाकली का गं.

तर केलं काय ते सांगते. हार्डवेअरवाल्याकडून कार्बोरंडम म्हणजे घासायची पावडर आणली, ८० नंबर, २२० नंबर आणि ४०० नंबर (नंबर मोठा तितकी पावडर बारीक). प्रत्येक पावडर एकेक आठवडा, पाणी दगडांच्या जरा खालीच, मध्ये धुणं. चौथ्या आठवड्यात पॉलिशची पावडर पाहिजे होती तर त्याच दुकानदाराने फरशी पॉलिशवाले वापरतात ती पांढरी पावडर दिली, म्हणाला मोझाइक आरशासारखी होते तर हे दगड काय चीज आहेत. सहाव्या दिवशी बघते तर डब्याचं झाकण फुगलेलं, उघडताना फस्स झालं आणि लेक किंचाळला.

रिझल्ट असा की दगड हाताला मस्त गुळगुळीत लागतात, ओले असताना झक्कास दिसतात, वाळले की खडूसारखे मंद. काहींवर बारीक पांढऱ्या चंद्रकोरी उमटल्यात. गुलाबी पानापानांचे खडे असलेला एक सुंदर तुकडा टाकला होता तो जवळजवळ गायबच झाला, आणि काळ्या दगडांना खड्डेच खड्डे. लेकाने शाळेत सगळ्यांना एकेक दगड देईन म्हणून जाहीर करून ठेवलंय त्यामुळे इज्जतचा सवाल आहे. कुठे चुकलं?

प्रतिसाद १

काही कल्पना नाही पण वाचतेय. आमच्याकडे आजीच्या पंचायतनात नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम आणि गणपती म्हणून शोण नदीतला तांबडा दगड आहे, तिन्ही इतके गुळगुळीत की लहानपणी वाटायचं मशीनवर केलेत. तेव्हा नदी हा मोठ्ठा टंबलरच, फक्त तिला घाई नाही.

प्रतिसाद २

ताई फोटो टाका की. आणि हे दगड चक्र बॅलन्सिंगला चालतील का? बाजारात एवढुसा अकीक (गारगोटीच्याच जातीचा पट्टेदार दगड) काय भावाने विकतात.

धागाकर्ती

फोटो टाकते रात्री. चक्राचं माहीत नाही, सध्या माझंच डोकं गरगरतंय.

प्रतिसाद ३

ताई, मी बडोद्याचा, खंभातच्या अकीकवाल्यांकडे पंधरा-सोळा वर्षं येणंजाणं आहे आणि घरी दोन टंबलर आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो, माफी असावी.

पहिला गुन्हेगार ती पांढरी पावडर. ती बहुतेक ऑक्झॅलिक ॲसिड आहे, मोझाइक-मार्बलच्या फरशीला शेवटचा हात तिनेच देतात. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर ॲसिडचा परिणाम होतो म्हणून तिथे चमक येते. तुमची गारगोटी म्हणजे सिलिका, तिला त्या ॲसिडने काहीही होत नाही, म्हणजे आठवडाभर तुम्ही दगड नुसते एकमेकांवर आपटलेत. आणि झाकण फुगलं ते तुमच्या काळ्या दगडांमुळे. तो आपला बेसाल्ट, लाव्हारस थंड होताना त्यात वायूच्या फुग्यांची भोकं राहिली आणि त्या भोकांत पुढे कॅल्साइट, झिओलाइट वगैरे खनिजं भरली. कॅल्साइटला ॲसिड लागलं की कार्बन डायऑक्साइड निघतो, तोच फस्स झाला. ती पावडर विषारी आहे, लेकाच्या हाताला लागू देऊ नका आणि उरलेली स्वयंपाकघराजवळ ठेवू नका.

दुसरं, तुम्ही सगळी जत्रा एकाच डब्यात घातलीत. अकीक, कार्नेलियन (लाल अकीक), जास्पर हे गारगोटीच्याच जातीचे दगड, कठीणपणाच्या एक ते दहाच्या मापात साधारण साडेसहा ते सात. तुमचा गुलाबी पानांचा तुकडा वर्णनावरून स्टिल्बाइट वाटतोय, तो साडेतीन-चार. कॅल्साइट तीन. म्हणजे खलबत्त्यात सुपारीबरोबर खडीसाखर टाकल्यासारखं झालं, खडीसाखर उरणार कशी! (वाईट वाटलं खरंच, तसे तुकडे जसेच्या तसे कपाटात ठेवायचे असतात, म्युझियममध्ये बघितले असतीलच.) निवडताना सोपी टेस्ट, स्टीलच्या चाकूने ओरखडा काढून बघा, ओरखडा उमटला तर तो दगड बाहेर. उमटला नाही आणि उलट दगडावरच चाकूची करडी रेघ राहिली तर आत. बेसाल्ट सोडूनच द्या, भोकांत पावडर अडकते आणि पुढच्या आठवड्यात हळूच बाहेर येऊन बाकीच्यांना ओरबाडते.

तिसरं त्या चंद्रकोरी. दगड उंचावरून एकमेकांवर पडले की तसे मार बसतात. पहिल्या आठवड्यात माल बराच झिजतो आणि डबा रिकामा होत जातो, तुम्ही वर भर घातली नसणार. डबा कायम दोन तृतीयांश ते पाऊण भरलेला पाहिजे. कमी पडलं तर बारीक सिरॅमिकच्या गोळ्या घाला, शेवटच्या दोन टप्प्यांत प्लॅस्टिकचे दाणे घातले तर अजून बरं.

आता जुने दगड वाचवायचे तर एक काम करा. सेरियम ऑक्साइड आणा, काच पॉलिश करणाऱ्यांकडे मिळतं, गुलाबीसर पावडर असते. जुन्या जीन्सचा तुकडा ओला करून त्यावर थोडी घ्या आणि एक दगड दोन-तीन मिनिटं जोर लावून घासा. चमक आली तर आधीचे टप्पे ठीक झालेत, फक्त पॉलिश चुकलं. नाही आली तर ४०० पासून परत, मला तर ४०० वरून थेट पॉलिशवर उडी मोठी वाटते, मध्ये ८०० किंवा १००० चा एक आठवडा घाला. चंद्रकोरीवाले मात्र सरळ ८० नंबरला परत पाठवा.

धागाकर्ती

दादा तुम्ही देवासारखे भेटलात. चाळण कोणती वापरली ते विचारलं नाहीत म्हणून वाचले, चारही वेळा तीच भाजीची चाळणी होती.

प्रतिसाद ३

हा हा, मग चौथा गुन्हेगारही सापडला. ८० नंबरचा एक कण जरी पॉलिशच्या डब्यात गेला तरी आठवडा फुकट. पॉलिशसाठी डबाच वेगळा ठेवा, नाही जमलं तर झाकणाची खाच दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा आणि मध्ये एक दिवस नुसतं पाणी आणि किसलेला साधा साबण घालून फिरवा.

आणि तो गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढून गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाका. वाळवून झाडू तर अजिबात मारू नका. खंभातला कोरडं घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो, दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्यावर इलाज नाही. मी तिथे तरणी पोरं दम लागून उंबऱ्यावर बसलेली पाहिलीत. टंबलरमध्ये काम ओलं असतं म्हणून आपलं निभावतं.

प्रतिसाद ४

या निमित्ताने विचारते, रस्त्यावर ते गडद निळे, राणी कलरचे दगड विकतात ते पण असेच शेतात मिळतात का?

प्रतिसाद ३

नाही हो, राणी कलरचा अकीक म्हणजे जवळपास नक्की रंगवलेला. अकीक सच्छिद्र असतो, रंग पितो, आणि कापलात तर पट्टे कमीजास्त रंगलेले दिसतात. लाल कार्नेलियनचं जरा वेगळं आहे, भरुच जिल्ह्यात रतनपूरला निघणारा दगड आधी उन्हात ठेवतात आणि मग मडक्यात घालून गोवऱ्यांवर भाजतात, त्यातल्या लोहामुळे तो लाल होतो. ती फार जुनी पद्धत आहे, तिला मी फसवणूक म्हणणार नाही, राणी कलरला म्हणतो.

धागाकर्ती

अपडेट. जीन्सवर घासून पाहिलं, दुधी दगडावर चक्क ट्यूबलाइट दिसायला लागली! हिरव्या नक्षीचा मात्र मंदच राहिला. मग चाकू लावून सगळी निवड केली, ४१ दगडांतले २३ पास झाले, बाकी मामाच्या बांधावर परत जाणार. चंद्रकोरीवाले नऊ बाजूला काढलेत, ते नंतर ८० नंबरला. उरलेले १४ परवापासून ८०० वर टाकतेय, नवी चाळणी आणली, भाजीची सासूबाईंनी जप्त केली.

आता एकच शंका, १४ दगडांत डबा अर्धासुद्धा भरत नाहीये आणि सिरॅमिकच्या गोळ्या इथे कुठे मिळाल्या नाहीत. त्याऐवजी मामाकडच्याच वाटाण्याएवढ्या बारीक गारगोट्या घातल्या तर चालतील का, की त्या आधी ८०-२२०-४०० मधून काढून घ्याव्या लागतील?

प्रतिसाद ३

काढाव्याच लागतील, कच्च्या टाकल्यात तर त्यांचेच कंगोरे तुटून ओरखडे पडतील. तीन आठवडे थांबा. लेकाला सांगा, शाळेत तारीख देऊ नकोस.