शिफ्टची नोकरी, घरात दोन लहान मुलं आणि जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन – कसं जमवायचं?

गोडोलीकर:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, एमआयडीसीत एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे, वय ३९. आपली हिल मॅरेथॉन, यवतेश्वर घाटातली २१ किलोमीटरची, गेली काही वर्षं पळतोय, यंदाची पण चांगली झाली. आता पहिल्यांदाच फुलला नाव घातलंय, जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. टायमिंगचं मला काही पडलेलं नाही, साडेपाच तास लागले तरी चालतील, पण शेवटपर्यंत धड पळत यायचंय.

अडचण अशी की माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट सकाळी सातला, सेकंड दुपारी साडेतीनला आणि नाईट रात्री बाराला लागते. नेटवर जे प्लॅन मिळतात त्यात मंगळवारी एवढं पळा, गुरुवारी तेवढं पळा असं असतं आणि माझा एक मंगळवार दुसऱ्यासारखा नसतो. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, शाळा कोरेगाव तालुक्यात, ती साडेआठला घर सोडते. मुलगी तिसरीत, धाकटा साडेतीन वर्षांचा, दहा ते साडेबारा बालवाडीत असतो. आई असते घरी पण तिचे गुडघे धरलेत, धाकट्याच्या मागे धावणं तिला होत नाही.

सुट्टी काय ती रविवारची आणि लाँग रन पण त्याच दिवशी. हाफच्या वेळी सकाळी लवकर जाऊन यायचो, पोह्यांना सगळे एकत्र बसायचो. आता तीन-चार तास पळायचं, आल्यावर अंग टाकून द्यायचं, म्हणजे सगळा रविवार गेलाच. बायको विरोध करत नाही पण गप्प गप्प असते आणि मला ते जास्त लागतं.

हातात साधारण १८ आठवडे आहेत. आठवड्यातून किती दिवस पळलं तर पुरेल, नाईटच्या आठवड्यात काय करायचं, आणि घरचं तुम्ही लोक कसं सांभाळता हे ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

माहुलीकर:
दादा, मी पण शिफ्टवालाच, त्यामुळे तुमचं दुखणं नेमकं कळलं. पहिलं म्हणजे सात दिवसांचा आठवडा डोक्यातून काढून टाका, तुमचा आठवडा २१ दिवसांचा आहे. फर्स्ट, सेकंड, नाईट मिळून एक फेरा, आणि प्लॅन फेऱ्याचा करायचा. १८ आठवडे म्हणजे असे सहा फेरे मिळतात, ते भरपूर झाले.

फर्स्टचा आठवडा तुमचा सगळ्यात चांगला. साडेतीनला सुटता, घरी येऊन चहा घ्या, पोरीचा अभ्यास बघा आणि साडेपाचला शाहू स्टेडियमला किंवा माहुलीच्या रस्त्याला तासभर पळून या, या आठवड्यात तीन दिवस होतात. सेकंडला पहाटे उठायचा हट्ट अजिबात करू नका, रात्री एकला झोपून पाचला उठलं की आठवडाभर माणूस कावल्यासारखा होतो आणि ते घरच्यांवर निघतं. त्याऐवजी धाकट्याला बालवाडीत सोडायला जाताना पळायच्या कपड्यातच जा, सोडलं की तिथूनच सुरू करायचं. दहाचं ऊन असतं हे मान्य, पण त्याचा फायदाच आहे, मुंबईत साडेनऊ-दहाला तुम्ही रस्त्यावरच असणार आणि तेव्हा ऊनच असणार आहे.

नाईटच्या आठवड्यात झोपेला हात लावायचा नाही. दुपारी झोप झाली की संध्याकाळी ३०-४० मिनिटं एकदम हळू, बोलता येईल इतक्याच स्पीडने, आणि तेही दोनच दिवस. रविवारी सकाळी सातला नाईट संपवून तसंच डायरेक्ट लाँग रनला जाणारे मी पाहिलेत, ते करू नका, झोप न झालेल्या पायाने घाट उतरताना पाय कुठे पडतो ते कळत नाही.

आता लाँग रन. दर रविवारी मोठं पळायलाच पाहिजे असं काही नाही. फर्स्टच्या आठवड्याचा जो रविवार येतो तो मोठा धरा, म्हणजे दर तीन आठवड्यांनी एक. २० पासून सुरू करून २३, २६, २९ असं चढवत ३०-३२ पर्यंत न्या. शेवटचा मोठा रन रेसच्या तीन आठवडे आधी झालेला पाहिजे, त्यानंतर कमी कमी करत जायचं. मधल्या दोन रविवारी १४-१६ पुरे, म्हणजे साधारण दोन तासांत घरी. मग वहिनींना पण सांगता येतं की तीन रविवारांतला एकच माझा आहे, बाकी दोन आपले.

जमलं तर आठवड्यातून एकदा साहेबांशी बोलून शिफ्ट बदलून मिळते का तेही बघा, पण ते माणसावर असतं.

मिरजेची ताई:
माहुलीकरांनी पळायचं सांगितलं, मी घरचं सांगते कारण तिथे कुणी नीट बोलत नाही. भाऊ, नाव घालायच्या आधी तुम्ही वहिनींशी बोलला होता का? सांगितलं होतं असं नाही विचारत, बोलला होता का? दोन्हीत फार फरक आहे. त्या सकाळी डबे करतात, मुलांचं आवरतात, एसटी नाहीतर स्कूटीवरून कोरेगावकडे जातात, दिवसभर वर्ग, वर ती ऑनलाइन माहिती भरायची कामं, आणि आल्यावर पुन्हा स्वयंपाक. त्यांना रविवारी तुमच्याइतकीच विश्रांती पाहिजे असते आणि नेमकं त्याच दिवशी घरातला दुसरा मोठा माणूस चार तास गायब आणि नंतर आडवा. मी गप्पच बसले असते त्यांच्या जागी.

मी बँकेत आहे, दोन मुलं आहेत, मी स्वतः दोन फुल पळालेय आणि आमच्याकडे असं ठरलेलं आहे. मोठ्या रनच्या दिवशी पहाटे पावणेचारला बाहेर, आठच्या आत परत. आंघोळ, खाणं, अर्धा तास पाय वर करून पडायचं, आणि नऊनंतर मी झोपायचं नाही. त्या दिवशी स्वयंपाक मिस्टरांचा असतो, बाकीच्या रविवारी माझा. तुमच्याकडे उलट करा, म्हणजे नऊपासून मुलं तुमची. पोरीला सायकल शिकवा, धाकट्याला बागेत न्या, काय करायचं ते करा पण वहिनींना घरातून मोकळं करा. आणि त्यांचा एक ठराविक वेळ कॅलेंडरवर लिहा, तुमचा लाँग रन लिहिता तसाच, पेनाने. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास त्यांचे, माहेरी जावं, मैत्रिणीकडे जावं, झोपून राहावं. फक्त ‘तुला पाहिजे तेव्हा जा ना’ असं म्हणू नका, तसं म्हटलं की कुणी जात नाही.

तुमच्या आईंचे गुडघे दुखतात म्हणता तर तुम्ही पळायला गेल्यावर धाकटा जागा झाला तर काय, हे पण आधीच ठरवा. आमच्याकडे शेजारच्या काकूंची मोठी मदत झाली, दिवाळीत त्यांच्या चकल्या मी करून दिल्या.

दिवाळी आणि लग्नसराई पण प्लॅनमध्ये आत्ताच धरा. भाऊबीजेच्या दिवशी २६ किलोमीटर काढायला निघालात तर बहिणी पण नाराज आणि बायको पण.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या लेकीला माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर सांगा. तुमच्याच जिल्ह्यातल्या. २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेजच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पोचल्या. बाबा कुठे पळायला जातो ते पोरीला कळलं की ती स्वतःहून बूट आणून देते, हा माझा अनुभव आहे.

कृष्णाकाठ:
सांगलीत फिजिओथेरपी करतो, पळणारे लोक बरेच येतात म्हणून थोडं लिहितो.

सातारकरांचं एक असतं, चढ जबरदस्त मारतात पण सपाटीवर तीन तास एका लयीत पळायची सवय नसते. मुंबईचा रस्ता बहुतेक सपाट आहे, पेडर रोडचा चढ येतो पण तो शेवटच्या टप्प्यात, पाय संपलेले असताना. सपाटीवर तेच तेच स्नायू तसंच काम करत राहतात, चढ-उताराला जो बदल मिळतो तो मिळत नाही. म्हणून निदान दोन लाँग रन सपाट ठिकाणी काढा. एखाद्या रविवारी सांगलीला पाहुण्यांकडे आलात तर विश्रामबाग ते मिरज रस्ता पहाटे चांगला असतो. आणि यवतेश्वरवरून उतरताना जोर लावू नका. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, त्याची दुखापत दोन दिवसांनी कळते.

जिमला वेळ नसणार हे गृहीत धरतो. घरच्या जिन्याची पायरी पुरे. पुढचा अर्धा पाय पायरीवर, टाच बाहेर, एका पायावर उभं राहून सावकाश टाच वर, आणि त्याहून सावकाश खाली, पायरीच्या खालीपर्यंत. भिंतीला बोट लावा तोल जाऊ नये म्हणून, पण भार देऊ नका. एका पायाने १५ झाले की थांबा, दुसरा पाय. शेवटचे चार-पाच करताना पोटरी थरथरली पाहिजे, गुडघा वाकायला लागला तर तिथेच सोडा. चहा उकळेपर्यंत होतं हे, आठवड्यातून तीनदा. जोडीला खुर्चीवरून एका पायावर उठणं. पोटरी आणि कंबर तयार असली की टाचेची, नडगीची निम्मी दुखणी माझ्याकडे येतच नाहीत.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पेनकिलर घेऊन पळू नका, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्यांचा किडनीवर ताण पडतो. आणि भीतीपोटी दर स्टॉलवर ढसाढसा पाणी पिऊ नका, नुसतं पाणी फार झालं की रक्तातलं सोडियम खाली जातं आणि त्यात माणूस चक्कर येऊन पडतो, गोंधळतो, जिवावर पण बेतू शकतं. तहान लागेल तसं प्या, अधूनमधून मीठ-साखर असलेलं काहीतरी घ्या. पोटात तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट गेलं पाहिजे, नाहीतर तीस किलोमीटरनंतर पायातला जोर एकदम जातो. त्याला एनर्जी जेलच पाहिजेत असं नाही, खजूर, केळं, चिक्की चालते, पण रेसच्या दिवशी जे खाणार ते लाँग रनला खाऊन बघितलेलं पाहिजे.

गोडोलीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील वाटलं नव्हतं. ताई, तुमचं वाचून काल रात्री बायकोशी बसून बोललो. तिला मुख्य काळजी होती ती मी नाईट करून सकाळी तसाच घाटात एकटा जातो त्याची, हे मला माहीतच नव्हतं. ते बंद केलंय. शनिवारचे दोन तास लिहून टाकलेत, पहिल्या शनिवारी ती पुसेगावला माहेरी चाललीय.

अजून एक विचारतो. घरात नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतात, मी पण धरतो. तेव्हा फर्स्टचा आठवडा येतोय. पळू का नको?

मिरजेची ताई:
मी धरते आणि पळते, पण कमी. रताळी, राजगिऱ्याचे लाडू, दूध, केळं असं व्यवस्थित खा, नुसत्या चहा-साबुदाण्यावर राहू नका. मोठा रन त्या नऊ दिवसांत ठेवू नका, दसऱ्यानंतरच्या रविवारी ढकला. घट बसल्यावर घरात पाहुण्यांची ये-जा असते, तसाही वेळ मिळणार नाही.

माहुलीकर:
बरोबर. फेरा एक आठवडा पुढे सरकला तरी काही बिघडत नाही, दोन्ही रनचं अंतर एकाच आठवड्यात भरून काढायला जाऊ नका म्हणजे झालं.

आणि दादा, रजेचं आत्ताच बघा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला रेसच्या आधी मुंबईत स्वतः जावं लागतं आणि फुल पहाटे पाचला सुटते, म्हणजे शुक्रवारी नाईट करून शनिवारी एसटीत बसायचं असलं काही चालणार नाही. शुक्रवार, शनिवार आणि सोमवार तिन्हीची रजा टाका, सोमवारी जिना उतरता येत नाही. त्या आठवड्यात तुमची कुठली शिफ्ट येते ते आजच मोजून बघा, नाईट येत असेल तर डिसेंबरातच कुणाशी तरी अदलाबदल करून ठेवा, संक्रांत पण त्याच आठवड्यात असते, ऐनवेळी कुणी देत नाही.