इंडिपेंडन्स डे भाच्यांना दाखवायचाय, हिंदीत लावू की इंग्लिशमध्ये?

गंगापूररोडकर
मंडळी, शनिवारी रात्री गच्चीवर प्रोजेक्टर लावतोय, सिडकोतून दोन भाचे येतायत, मोठा इंजिनीअरिंगला आणि धाकटा बारावीत. म्हटलं १९९६चा इंडिपेंडन्स डे लावू, तर मोठा लगेच, मामा तोच ना ज्यात लॅपटॉपवरून एलियनच्या यानात व्हायरस सोडतात, त्यांच्याकडे पण विंडोज होतं का? आता काय बोलणार यावर. पण मला पिक्चर आवडतो म्हणजे आवडतो, राष्ट्राध्यक्ष भाषण ठोकून स्वतःच फायटर विमानात बसतो तिथे अजून शिट्टी मारावीशी वाटते. तर हिंदी डब लावू की इंग्लिश? आणि पोरांनी मोबाईल काढू नये म्हणून काय करू?

पंचवटी_एक्सप्रेस
भाच्याला सांग लॅपटॉप ॲपलचा आहे, विंडोजचा जोक तिथेच मेला 😄 आणि व्हायरस अगदीच आभाळातून पडत नाही हो, एलियन आपलेच सॅटेलाइट वापरून हल्ल्याचा काउंटडाउन फिरवत असतात आणि जेफ गोल्डब्लम तो सिग्नल पहिल्या अर्ध्या तासातच पकडतो. शिवाय एच. जी. वेल्सने १८९८मध्ये मंगळावरच्या लोकांना साध्या जंतूंनी मारलं होतं, इथे जंतूच्या जागी कॉम्प्युटरचा व्हायरस आला एवढंच. तरी पटत नसेल तर नाही पटत, सोडून द्या, मज्जा घ्या.

मिसळ_विथ_एक्स्ट्रा_तर्री
मला नाही झेपला कधी. सगळं जग हातावर हात ठेवून बसलंय आणि अमेरिकेचा मोर्सचा निरोप आल्यावर म्हणे चला आता लढू. आपलं एअरफोर्स काय पतंग उडवत होतं का तोवर?

सिडकोची_ताई
तर्रीभाऊ मुद्दा मान्य, पण पिक्चर आपण ज्याच्यासाठी बघतो ते वेगळंच आहे. व्हाइट हाऊस उडतं ना, ते खरंखुरं मॉडेल बांधून फोडलंय आणि हाय स्पीड कॅमेऱ्याने घेतलंय, म्हणून तुकडे असे सावकाश, जड पडतात. आणि रस्त्यातून गाड्या उडवत आगीची भिंत येते तो शॉट तर कमालच, आग वर चढते म्हणून त्यांनी शहराचं मॉडेलच उभं केलं, कॅमेरा वर लावला आणि खालून स्फोट केला. पडद्यावर वाटतं आग आपल्याच अंगावर येतेय. इफेक्ट्सचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. दादा, पोरांना हे आधी सांगा आणि मग तो सीन दाखवा, मोबाईल खिशातच राहील. फाळक्यांच्या जिल्ह्यातले आपण, ट्रिक फोटोग्राफीला नाकं नाही मुरडायची. (बोगद्यातून कुत्रा ऐन वेळी उडी मारून वाचतो तिथे मात्र हसलात तर चालेल, मीही हसते आणि टाळ्याही वाजवते.)

ओझरवाला
आमचे बाबा ओझरच्या एचएएलला, म्हणजे विमान कारखान्यात होते, मिग बघतच मोठा झालो, त्यामुळे शेतात औषध फवारणारा दारुडा पायलट थेट एफ-१८मध्ये बसतो तिथे ते दरवेळी टीव्हीशी भांडायचे. पण तो यानाच्या तोंडात घुसतो तेव्हा सगळ्यात आधी गप्प तेच व्हायचे. आधी म्हणे तो आपल्या फवारणीच्याच विमानाला मिसाइल बांधून घुसतो असं शूट केलं होतं, मग बदललं.

बाय द वे हिशोब केलाय मी. एकेक यान १५ मैल रुंद, म्हणजे २४ किमी. मधला बिंदू नाशिकच्या सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्टँडवर) धरला तर सातपूर, नाशिकरोड, पाथर्डी फाटा सगळं सावलीत, आमचं ओझर बाहेर. म्हणजे विमानं आम्हीच उडवणार, तर्रीभाऊ निश्चिंत राहा.

मिसळ_विथ_एक्स्ट्रा_तर्री
😂 एवढं असेल तर येतो मीपण बघायला.

पंचवटी_एक्सप्रेस
२०१६चा दुसरा भाग चुकूनही लावू नका. विल स्मिथ नाही हे एक झालंच, पण तो पिक्चर सारखा स्वतःच्याच जोकवर हसत बसतो. पहिल्यात लोक एवढं अचाट काहीतरी पण एकदम सिरीयसली करतात, लाज न बाळगता, म्हणून तो चालतो. विल स्मिथ एलियनला बुक्की मारून त्याच्याच शेजारी सिगार पेटवतो राव, आणि तोंडावर असा भाव की रोजचंच काम आहे.

गंगापूररोडकर
ठरलं, इंग्लिश आणि हिंदी सबटायटल, कारण आईपण बसणार म्हणतेय. ताई, मॉडेलचं आधीच सांगतो. तर्रीभाऊ या, येताना पाव आणा. फक्त पावसाने घोळ घातला तर हॉलच्या भिंतीवर लावावा लागेल आणि तिथे ट्यूबलाइटची पट्टी बरोब्बर मधोमध येते, ती काढायला कोणी स्टूल घेऊन येईल का?