बारावी संपली, पहिल्यांदाच इंटरव्ह्यू आहे, तयारी काय करू?

नमस्कार, मी नाशिकचा, वय १७. परीक्षा झाली, निकालापर्यंत घरी बसून आईच्या डोक्याला ताप नको म्हणून मेन रोडवरच्या एका कपड्यांच्या दुकानात काम आहे का विचारून आलो तर मालक म्हणाले सोमवारी ११ ला ये, बघू. आता मित्र घाबरवतोय की इंग्लिशमधून स्वतःबद्दल बोलायला लावतात, मी मराठी मिडीयमचा, तिथेच तंतरते माझी. अनुभव शून्य, मंडळाची वर्गणी गोळा केलीये तेवढीच. आणि किती दिवस टिकणार विचारलं तर 'कायम' ठोकून देऊ का? जूनपर्यंतच सांगितलं तर घेणार नाहीत ना...

कापडवाला काका
अरे पोरा, रेडीमेडच्या धंद्यात केस पांढरे झाले माझे, इंग्लिश कोण बघतंय? मी बघतो की पोरगं वेळेवर आलं का, मान वर करून बोलतं का आणि गिऱ्हाईकाने वीस शर्ट काढायला लावून एकही घेतला नाही तर तोंड वाकडं करेल का. वर्गणीचं नक्की सांग, दारोदार पैसे मागणं हे सेल्समनचंच काम आहे की! ३८, ४०, ४२ साइज कोणाला बसेल याचा अंदाज आणि टक्केवारीचा तोंडी हिशोब येऊ दे. खोटं मात्र बोलू नको, लग्नसराईत आम्हाला दोन महिन्यांचीच जास्तीची माणसं लागतात, 'कायम' म्हणून जूनमध्ये गायब झालास तर पुढच्या वर्षी उभा करणार नाही.

वकीलीण ताई
तासांचं आधी बोलून घे भाऊ. १४ ते १८ वयाच्या मुलांना बाल व किशोर कामगार कायद्याप्रमाणे (२०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या) सलग ३ तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, मग १ तास सुट्टी, आणि ती धरून दिवसाचे ६ तासच, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक दिवस सुट्टी. दुकानं रात्री ९ पर्यंत उघडी असतात त्यामुळे इथेच घोळ होतो. वयाचा पुरावा म्हणून झेरॉक्स दे, ओरिजिनल दाखला ठेवून घेतो किंवा डिपॉझिट भर म्हणाले तर सरळ उठून ये.

सातपूरची
मी गेल्या वर्षी केलंय हे. इस्त्रीचा साधा शर्ट घाल, फाटकी जीन्स नको. आणि पगार किती, कोणत्या तारखेला ते तोंडाने विचार रे, मी लाजले आणि पहिला पगार दीड महिन्याने मिळाला 😑

प्रश्नवाला
जाऊन आलो!! पहिला प्रश्न राहतो कुठे, दुसरा १२९९ वर १० टक्के सूट दिली तर किती. घाम फुटला पण ११६९ सांगितलं, वरचे १० पैसे सोडले म्हणून मालक हसले. जूनपर्यंतच येईन हे सांगून टाकलं, चालेल म्हणाले. ताई, तुमच्यामुळे दुपारी १२ ते ६ ठरलं, मध्ये तासभर जेवण, पगार ७ तारखेला. फक्त शर्टाची घडी घालायला दिली तिथे पार फजिती झाली, गुरुवारपर्यंत शिकून ये म्हणालेत, आता बाबांचं कपाट रिकामं करून बसलोय आणि आई ओरडतीये.