पडके सागरी किल्ले: फोटोसाठी कुठला करावा?

टिळकवाडीकर:
मंडळी, बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर आता दुरुस्त तट आणि महाराजांचा उंच पुतळा. दर्शनाला झकास, पण मला फोटो हवेत ते पडझडीचे. ढासळलेला बुरूज, मुळांनी फोडलेली भिंत, मागं समुद्र. डिसेंबरात शनिवार-रविवार आंबोलीमार्गे खाली कोकणात उतरणार. सिंधुदुर्ग करू की विजयदुर्ग? १८-५५ लेन्स आहे, ट्रायपॉड आहे, ड्रोन मित्राचा मिळेल.

जांभादगड (निपाणी):
दोन्ही राहू देत की. रेडीचा यशवंतगड करा. सावंतवाडीवरून शिरोडा, पुढं लगेच रेडी. १८१९ साली इंग्रजांनी घेतल्यावर त्या गडाला काही कामच उरलं नाही, मग झाडांनी ताबा घेतला. वडाची मुळं कमानींवरून अशी उतरलीत की भिंत मुळांनी धरलीय की मुळं भिंतीनं, कळत नाही.

दुपारी मात्र जाऊ नका. जांभा भर उन्हात नुसता करपलेला दिसतो, भोकंच भोकं. चार-साडेचारनंतर समुद्राकडून तिरपं ऊन आलं की त्याचा लाल रंग सुटतो. आत अंधार आणि जंगीतून, म्हणजे तटातल्या मारा करायच्या भोकातून, बाहेर पांढरंफेक आभाळ, ही तिथली खरी डोकेदुखी. एक्स्पोजर बाहेरच्या उजेडावर धरा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, आतला काळोख घरी येऊन उचला. आणि थोडा काळोख राहू द्या हो, हल्ली सगळेच एचडीआर करून, म्हणजे वेगवेगळ्या उजेडाचे फोटो एकत्र जोडून, गडाचं लग्नघर करतात.

लेन्सवर खारट हवेचा थर बसतो. कोरड्या फडक्यानं घासू नका, आधी ब्लोअर, मग ओलसर कापड.

मलप्रभाकाठी (खानापूर):
विजयदुर्ग, सिंधुदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथं ट्रायपॉडलासुद्धा परवानगी लागते, ड्रोन तर विसराच. त्यात २०२५ च्या जुलैत दोन्ही युनेस्कोच्या यादीत गेले. रेडी त्या यादीतल्या १२ मराठा किल्ल्यांत नाही, पण ड्रोनचे नियम तिथंही आहेतच.

काळीकाठ (कारवार):
आमचा सदाशिवगडही बघा कधीतरी. हायवेसाठी डोंगरच मधून कापलाय, पडझडीचा हा वेगळाच प्रकार. फक्त एक, कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा कदंब तळ आहे. त्या बाजूला कॅमेरा रोखायचा नाही.

टिळकवाडीकर:
ठरलं, रेडी. ड्रोन घरीच ठेवतो. मुळं धरून तटावर चढलं तर वरून अँगल मिळेल का?

जांभादगड (निपाणी):
अजिबात चढू नका. मुळं घट्ट दिसतात, पण त्यांनीच चिरे सुटे केलेत. सांध्यातला चुना पावसानं धुवून गेलाय, एक चिरा निसटला की वरचे चार येतात. ट्रायपॉडचे पाय मिटून दांडा लांब करा, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि खाली उभं राहूनच डोक्यावर धरा.