लेक्चर बेसिसवाल्यांना बाहेर ठेवून वर्कलोडची बोलणी करू नका

तांबडी माती:
येत्या रविवारी आमच्या प्राध्यापक संघटनेची सभा आहे, अनुदानाला कात्री लागलीय तर मॅनेजमेंटकडे काय मागायचं ते तिथे ठरणार. माझं मत आधीच मांडतो, पटलं नाही तर वाद घाला.

मी फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, कायम नोकरीत आहे. आमच्याकडे तिघे लेक्चर बेसिसवर, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे मिळणारे तात्पुरते शिक्षक होते, यंदा जूनमध्ये त्यातल्या दोघांना बोलावलंच नाही, पैसे नाहीत म्हणून. त्यांचे तास आमच्यात वाटून टाकले. आता मॅनेजमेंट म्हणतं प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक तास धरा, म्हणजे कागदावर कुणीच आठवड्याला शिकवायच्या १६ तासांच्या वर जात नाही. संघटनेच्या मसुद्यात त्याला विरोध आहे, प्रॅक्टिकल पूर्ण मोजा म्हणून, आणि तो रास्तच आहे. पण गेलेल्या दोघांबद्दल त्या मसुद्यात एक ओळ नाही, मला ते सहन होत नाही. पहिली मागणी त्यांना परत घेण्याची हवी, आमचे तास मग आपोआप उतरतील.

लॅबमध्ये काय चाललंय ते पण सांगतो. पूर्वी एक बॅच माझी, एक त्या गेलेल्या दोघांतल्या मॅडमची असायची, आता दोन्ही एकत्र केल्या. दोघांत एक ब्यूरेट, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायची मापाची नळी. एक पोर एन्ड पॉइंट, म्हणजे रंग बदलतो तो क्षण, बघतं आणि दुसरं नुसतं रीडिंग उतरवतं, ज्याने रंग बदलताना बघितलाच नाही त्याच्या जर्नलवर मी सही करायची. आणि अ‍ॅसिड ओतताना सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष कसं ठेवणार? परवा एकीच्या हातावर थेंब उडाला, लगेच नळाखाली हात धरला म्हणून निभावलं.

डिचोलीकर:
सर, लॅबचं वाचून काळजी वाटली, माझी मुलगी सेकंड इयरला आहे. पण एक सांगा, सातव्या वेतन आयोगाने असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं बेसिकच ५७,७०० केलं, वर महागाई भत्ता वेगळा. मी खाजगी कंपनीत आठवड्याला ४८ तास काम करतो आणि तुम्ही १६ तासांवरून भांडताय, बाहेरच्या माणसाला हे कसं समजावणार? आणि ह्या भांडणात पेपर तपासणीवर बहिष्कार वगैरे येणार असेल तर मी आत्ताच विरोध नोंदवून ठेवतो. रिझल्ट लांबला की पुढची अ‍ॅडमिशन जाते, त्यात पोरांचा काय दोष?

तांबडी माती:
डिचोलीकर, १६ हे फक्त वर्गातले तास हो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमात हजेरी आठवड्याला ४० तासांची आहे, असे ३० आठवडे. असिस्टंट प्रोफेसरला त्यातले १६ शिकवण्याचे, असोसिएट आणि प्रोफेसरला १४. बाकीच्या वेळात तयारी, आयएसएचे म्हणजे सेमिस्टरमधल्या चाचण्यांचे पेपर, एसईएचे म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेचे पेपर, अ‍ॅडमिशन कमिटी, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइली. त्यात २०२३-२४ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं तेव्हा मल्टिडिसिप्लिनरी, स्किल, व्हॅल्यू अ‍ॅडेड असे कोर्स वाढले, प्रत्येकाची परीक्षा वेगळी, मार्क भरणं वेगळं. कोर्स वाढले आणि माणसं कमी केली, हे गणित कसं जुळायचं? बहिष्काराच्या मात्र मीही विरोधात आहे, सभेत तसं बोलणार.

सांजवात:
मी संघटनेच्या कमिटीवर होते म्हणून स्पष्ट लिहिते. सर, तुमची तळमळ खरी आहे पण तुमची मागणी आपल्याला हरवेल. १६ आणि १४ चा आकडा लेखी आहे, तो दाखवून मॅनेजमेंटला अडवता येतं. लेक्चर बेसिसवाल्यांचं तसं नाही, त्यांची ऑर्डर सेमिस्टरची, ती संपली की संपली. एका कागदावर दोन्ही घातलं की ते म्हणणार हा सरकारच्या पैशाचा प्रश्न, पर्वरीला सचिवालयात विचारून सांगतो, आणि सगळंच तिकडे अडकणार. आपल्याकडे ताकद तरी कुठे आहे? शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'वर्कमन' म्हणजे कामगार नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये सांगितलं ते गोव्यातल्याच एका शाळेच्या शिक्षिकेच्या केसमध्ये, म्हणजे औद्योगिक विवादाचा रस्ता तेव्हाच बंद झाला. उलट ग्रॅच्युइटी बघा, २००४ मध्ये कोर्टाने शिक्षकांना ती नाही म्हटलं पण २००९ मध्ये कायदाच बदलून घेतला आणि तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाला. एकच मागणी धरून बसलं म्हणून मिळालं. आधी प्रॅक्टिकल पूर्ण मोजून घ्या, तास १६ च्या वर गेले हे लेखी झालं की माणसं घ्यावीच लागतील.

पांढरी अबोली:
मी लेक्चर बेसिसवर आहे, दुसऱ्या कॉलेजात, सहावं वर्ष. सांजवात मॅडम, "माणसं घ्यावीच लागतील" म्हणता, पण कधी? ह्या सेमिस्टरला नाव नाही आलं तर माझ्या हातात काहीच येत नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत लेक्चर नाही म्हणून पैसे नाहीत, परीक्षेच्या दिवसांत नाहीत, मेमध्ये नाहीत. यूजीसीने २०१९ मध्ये गेस्ट फॅकल्टीला, म्हणजे तासावर बोलावलेल्या शिक्षकांना, तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० सांगितले, मी एवढी रक्कम कधी पाहिली नाही. कंत्राटी माणसं एकूण पदांच्या १० टक्क्यांवर नकोत हेसुद्धा त्याच यूजीसीच्या नियमात आहे, मग हा आकडा पण लेखीच आहे ना मॅडम? तो का नाही घेत मसुद्यात?

सांजवात:
१० टक्क्यांचा नियम तुमच्यावरच उलटेल बाय. तो धरला तर ते कायम पदं भरणार नाहीत, तुमच्यातलेच आणखी कमी करतील आणि नियम पाळला म्हणतील. मला भीती तीच आहे.

तांबडी माती:
मॅडम, म्हणूनच आकडा एकटा नको. रिकामी पदं भरेपर्यंत आत्ता असलेल्या कुणाला काढायचं नाही, असं एका वाक्यात जोडून लिहू. प्रॅक्टिकल मोजण्याची मागणी तशीच ठेवू, तुमचं ते म्हणणं मान्य. पण मागणी पहिली कुठली यावर मी मागे हटत नाही, कारण त्या दोघांचे तास घेऊन मी रोज वर्गात जातो, टाइमटेबलवर अजून त्यांच्या नावावर पेनाने काट मारलेली दिसते.

डिचोलीकर:
पालकांचं निवेदन लागलं तर बॅचच्या साइजवर मी सही आणतो, आमच्या भागातल्या आठ-दहा जणांची. पगाराबिगारावर नाही.

पांढरी अबोली:
आम्हाला सभेत बसू देतात का? मेंबरशिप तर नाही. रविवारी म्हापशाला माझी शिकवणी अकराला सुटते, बस मिळाली तर बारापर्यंत पोचते.

सांजवात:
या. मत देता येणार नाही, पण बोलू द्यायला मी अध्यक्षांना सांगते. सरांची मागणी पहिली घालणाऱ्या ठरावाच्या विरोधात मी मत देणार हे मात्र आत्ताच सांगून ठेवते.